घोटा हळूच वळतो

धाकट्या,

तक्रार गंभीर आहे. माझी डावी चप्पल पायात राहायला तयार नाही. दोन पावलं टाकली की ती मागे राहते आणि मी तसाच पुढे जातो. पक्षाघाताला दोन महिने झाले. तोंड तेवढं शाबूत राहिलं, याचं घरच्यांना फार दुःख आहे.

घोट्याचं मात्र लाकूड झालंय. परवा व्यायाम शिकवणाऱ्या बाई यायच्या आधीच मी टॉवेल अडकवून पाऊल जोरात वर ओढलं. ते आणखी ताठरलं आणि थडथड उडायला लागलं.

बाई आल्या आणि म्हणाल्या, "काका, गाडी सुटतेय का? हिसका दिला की स्नायू आवळतो. हळू न्या, येईल तो."

तळव्याला हात लावून त्या नुसत्या थांबल्या. मग अगदी सावकाश दाबत गेल्या, आणि घोटा वळला! "आता तुम्ही," म्हणत त्यांनी हात काढला. माझं पाऊल आपणहून तांदळाच्या दाण्याएवढं उचललं गेलं. जन्मभर सगळ्यांची टिंगल केली, पण तेव्हा एक विनोद सुचेल तर शपथ.

आणि तू आठवलास. तू बोलताना अडखळायचास आणि मी तुझं वाक्य हिसकावून पुरं करायचो. सगळे हसायचे. हळूहळू तू माझ्याशी बोलणंच सोडलंस.

इथवर लिहून मघाशी तुला फोन लावला, म्हणून हे पत्र आता पोस्टात टाकत नाही. "दादा, पाय क... क..." तू म्हणालास. पुढचा शब्द माझ्या जिभेवर आला होता. तो गिळला, आणि तुझं वाक्य संपेपर्यंत थांबलो.

तुझा,
दादा