प्रणालीसाठी दारूचा कारखाना पाहून आली

पांढुर्णा, मंगळवार

तीर्थस्वरूप पुंडलिकदादास,

धाकट्या देवकाचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे ते वहिनीले विचारीन, तुम्ही खरं सांगत नाही. माझी कंबर जिथल्या तिथं दुखून राहिली. मोहगावच्या संत्र्याले बहार बरा आला म्हणतात. नजर लागू नये म्हणून चारचौघांत रडत राहा. (माझं शिक्षण तिसरीपर्यंतचं, काना-मात्रा तुम्ही लावून घ्या.)

तुमच्या कानावर आलंच असंन का देवका बसमध्ये पिऊन बसली होती. त्यात बस तेवढी खरी आहे.

झालं असं. माझ्या भैय्याजीच्या पोरीले, आपल्या प्रणालीले, बोरगावजवळच्या एका शेतात नोकरी लागून राहिली. शेत म्हणजे तिथं जव पिकवतात अन् तिथंच त्याची व्हिस्की काढतात. येत्या सोमवारपर्यंत हो का नाही ते कळवायचं आहे. भैय्याजी म्हणते, पोरगी दारूत कामाले गेली का दारात सोयरीक येणार नाही. पोरगी दोन दिवस जेवली नाही. (तिसऱ्या दिवशी जेवली, पण बापाकडं पाठ करून.) मग मी म्हटलं, पोरगी देताना आपण घर पाहतो, पाणी पाहतो, गोठा पाहतो, तसं हेही पाहून येऊ. न पाहता नाही म्हणणं तुझ्या बापाले जमते, मले नाही.

गेलो दोघी. दाखवायले मृणाल नावाची पोरगी होती, आजी आजी करत. मी आधी बायकांचा संडास पाहिला. आतून कडी आहे, ओढून पाहिली, मजबूत आहे. मग विहीर पाहिली. मग एका खोलीत जव भिजवून फरशीवर पसरला होता अन् त्याले मोड आले होते. आपल्या इकडं पावसानं दाण्याले मोड आले का माणूस कपाळाले हात लावून बसते, इथं लोक त्याचे फोटो काढून राहिले होते.

पुढं तांब्याचं भलंमोठं भांडं. त्याची वाफ नाकाले लागली अन् दादा, मी तिथंच उभी राहिली. आपल्या नाल्यावरची मोहाची झाडं आठवली. चैतात पहाटे फुलं वेचायले जायचो, तुमची टोपलीत कमी अन् तोंडात जास्त. माय अंगणात वाळवायची अन् बाबांच्या सांध्यांसाठी हंडीवर हंडी ठेवून घरापुरती दारू काढायची. झाकण न उघडता, नुसतं नाक जवळ नेऊन सांगायची, अजून एक लाकूड सारा, नाहीतर आता बस. ओला कापूस, टोपलीतलं एक सडकं संत्र, बाबा कोणाच्या घरून जेवून आले, सारं तिले नाकानं कळायचं. मले मात्र चुलीजवळ येऊ देत नव्हती. म्हणे, पोरीच्या जातीनं हे शिकू नये. (ती काय बाप्या होती?)

प्रणालीची नोकरी तीच आहे. लाकडी पिंपं रांगेनं ठेवली आहेत, त्यातलं हुंगायचं अन् वहीत लिहायचं. पोरगी एका पिंपावर वाकली, डोळे मिटले अन् मान अशी डावीकडं केली, का मायच. मायचं नाक त्या एका चुलीपाशी वापरून संपलं. माझ्या डोळ्यात पाणी आलं ते धुरानं. (धूर कुठला, तिथं सारं गॅसवर आहे.)

शेवटी चाखायले देतात. मृणालनं काचेच्या पेल्यात थेंबभर ओतायले घेतलं. तेवढंसं पाहून माझा पदर डोक्यावर गेला अन् उजवा हात आपोआप पुढं झाला, खाली डावा. ती घाबरली अन् तिनं तळहातावरच ओतलं. मी प्याली अन् ओला हात डोक्यावरून फिरवला. साठ वर्षं देवळात तीर्थ घेतलं, हाताले काय माहीत समोर कोण आहे.

परतताना सौसरहून बसमध्ये शेजारी कोण, तर आमच्या भजनी मंडळातली प्रमिला. पांढुर्ण्यापर्यंत हुंगत आली. मी खरं सांगितलं का बाई, पोटात थेंबभर आहे, बाकी सारी केसात आहे. खरं सांगितलं तेच चुकलं. मी घरी पोचायच्या आधी तिचा फोन पोचला. भैय्याजी म्हणते, पोरगी अजून कामाले लागली नाही अन् आजीनं सुरुवात केली. मी तीनदा केस धुतले, त्याचं तोंड तसंच. पोरीचं काम सोपं करायले गेली अन् अवघड करून आली. आता भैय्याजी म्हणते, माळकरी मामा, म्हणजे तुम्ही, हो म्हणत असंन तरच.

वहिनीले अन् घरातल्या लहानथोरांले ज्याचा त्याचा नमस्कार, आशीर्वाद पोचवा.

तुमची धाकटी,
देवका

ता. क. : रविवारी या. पोळ्या पुरणाच्या करते. भैय्याजीले एवढंच म्हणा, जाऊ दे पोरीले. मायचं लिहिलं ते बोलू नका, त्याची आजी घरी दारू काढे हे त्याले माहीत नाही.

पुन्हा ता. क. : प्रणालीनं आज सकाळीच हो कळवून टाकलं. मीच कळवायले लावलं. म्हणजे तुम्ही नाही म्हटलं तरी एक तारखेले मी तिचा डबा भरीन अन् ती बसनं जाईन. पण तुम्ही हो म्हटलं तर भैय्याजी तिले गाडीवर बसवून बोरगावले सोडून येईन. पहिल्या दिवशी पोरीनं बापाच्या मागं बसून जावं, एवढ्यासाठी तुम्हाले बोलावून राहिली.