दरवानाच्या तोंडचं वाक्य

शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

दरवान बोलतो. हा दोष अक्षम्य आहे.

मूळ ‘शंखपूर’मध्ये समुद्राखालच्या नगरीचा तो राक्षसी दरवान आरंभापासून अखेरपर्यंत एक अक्षर उच्चारत नाही. सदतीस वर्षं लोक त्या चित्रपटाला डोक्यावर घेऊन आहेत ते त्याच्या मौनासाठी. आज अंधेरीला त्याची पूर्वकथा पाहिली — ‘शंखपूर : आरंभ’. इथे दरवान वेशीवर आलेल्या प्रत्येकाला विचारतो, जेवलास काय. मुलगी असेल तर, “जेवलंस काय गो?” जो ‘नाही’ म्हणेल त्याला वेस उघडून देणं त्याला भाग आहे. समुद्राच्या तळाशी, मालवणी!

कथा-पटकथा-संवाद : निशा. माझी मुलगी.

ते वाक्य पहिल्यांदा आलं तेव्हा ती पडद्याकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. दोष आपल्यालाही ठाऊक असल्याची ती अस्वस्थता असावी. बाहेर आल्यावर म्हणाली, “बाबा, कसा वाटला?” मी म्हटलं, विचार करून सांगतो. ती हसली, पण अर्धंच.

शनिवार, ८ नोव्हेंबर

विचार केला. पूर्वकथेवर बंधन एकच : पुढे जे घडलेलं आपण आधीच पाहिलं आहे, ते तिच्यातून संभवलं पाहिजे. बाकी लेखक स्वतंत्र आहे. हे एक बंधन पाळता येत नसेल, तर दुसऱ्याच्या नगरीत जाऊ नये, स्वतःची वसवावी.

सकाळी फिरताना कुंडलिकने वाद घातला. बँकेतून निवृत्त झालेला माणूस, चित्रपटात दोनदा रडला असं अभिमानाने सांगतो. म्हणे, “सर, शेवटी राजा त्याचा आवाज काढूनच घेतो ना? मग जमलं की तुमचं मौन.”

जमलं नाही. त्याने एवढंच सिद्ध होतं की दरवान पुढे का बोलत नाही. मुळात ज्याच्या धाकावर नगरी उभी आहे, तो येणाऱ्याच्या जेवणाची चौकशी का करतो? आधार काय? आणि त्या तळाशी समई तेवते आहे, हे निराळंच.

“समुद्राखाली नगरी चालते तुम्हाला, समई तेवढी खटकते?”

नगरी हे गृहीत आहे, समई हा त्या गृहीताचा भंग आहे, असं मी म्हटलं. तो म्हणाला, “तुमच्या हाताखाली शिकलो नाही हे बरं झालं. अजून पहिल्याच वर्षाला असतो.”

सोमवार, १० नोव्हेंबर

आक्षेप लिहून काढले. सात झाले. सातवा सर्वांत गंभीर : ‘दरवानाच्या तोंडच्या प्रश्नाला मूळ कृतीत कोणताही आधार नाही. तो त्या जगातून आलेला नाही, बाहेरून चिकटवलेला आहे. त्याची बोलीही आगंतुक आहे.’ निशाला ईमेलने पाठवले.

मग सुलक्षणाला, तिच्या आईला, वाचून दाखवले. घावणे घालता घालता तिने सातही ऐकले.

“तिना काय इचारल्यान? पिक्चर बरो वाटलो काय नाय, इतक्याच ना?”

मी म्हटलं, त्याचंच हे सविस्तर उत्तर आहे.

“तुमी तिचे परीक्षक की बापूस?”

हा युक्तिवाद नव्हे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

निशाचा फोन आला. आवाज शांत होता. पहिले सहा आक्षेप मान्य, म्हणाली. समई दिग्दर्शकाची आहे, तिलाही नको होती.

“सातवा तुम्ही खरंच लिहिलात?”

मी म्हटलं, आधार दाखव, मागे घेतो.

“आधार तुम्हाला माहीत आहे, बाबा.”

मला माहीत असता तर मी विचारला नसता, असं मी म्हणालो. तिने फोन ठेवला. चाळीस वर्षं मी मुलांना हेच शिकवलं : जो पक्ष मांडतो, पुरावा त्याने द्यायचा, समोरच्याच्या माहितीवर सोडायचा नाही. हे माझ्याच घरात पोचलेलं नाही!

गुरुवार, १३ नोव्हेंबर

चीड शमत नाही. निशाचा फोन नाही. मीही केला नाही. माझी बाजू निर्दोष आहे. मग ती पुन्हा पुन्हा तपासून का पाहतो आहे, ते कळत नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

निशा उद्या येणार नाही. मला नव्हे, आईला कळवलं आहे. रविवारी तिने इथे जेवायचं हा नेम तिच्या लग्नानंतरही मोडला नव्हता. सुलक्षणाने आणलेले बांगडे फ्रीजरमध्ये टाकले.

रविवार, १६ नोव्हेंबर

दुपारी टीव्हीवर मूळ ‘शंखपूर’ लावला, सातवा आक्षेप ताडून पाहण्यासाठी. सुलक्षणा शेजारी वाल सोलत होती, पडद्याकडे पाठ करून.

तो प्रसंग आला. मुलगी वेशीपाशी पोचते. दरवान वाकतो, त्याचा चेहरा पडदाभर होतो. फक्त पाण्याचा आवाज. माझंच खरं होतं. शब्द नाही.

आणि मागे वळूनही न बघता सुलक्षणा म्हणाली, “जेवलंस काय गो?”

मी म्हटलं, हे वाक्य या चित्रपटात नाही.

“पिक्चरात खंयचा? ता तुमचा.”

माझं?

“पाच वर्साचा पोर ता. ह्या तोंड बघून खुर्चेखाली जावन बसला. बाहेर येयना, वर बघीना. तेव्हा तुमी वाकून तेच्या कानात सांगलास — भिया नको, तो खाणा नाय, तो इचारता, जेवलंस काय गो. मगे आख्खो पिक्चर दरवानाच्या वतीन तुमीच बोललास. मागचो माणूस वराडलो पण तुमच्यार.”

आठवलं. सगळं नाही. खुर्चीची रेक्झिनची कड, निशाचा घट्ट मुठीतला रुमाल, आणि स्वतःचा आवाज — जो मी घराबाहेर कधी काढत नसे. वर्गात शिकवू लागल्यापासून बाहेर मी मालवणी टाकलीच होती. त्या अंधारात दुसरं काही सुचलं नसावं.

म्हणजे निशाने जो ‘शंखपूर’ पाहिला, त्यात दरवान बोलत होता. तिच्यापुरता तो पहिल्यापासून बोलतच होता. आवाज गेला कधी, एवढंच तिने नव्याने रचलं.

सातवा आक्षेप परत घ्यायला हवा. कसा, ते समजत नाही. ईमेल उघडून बसलो. ‘प्रिय निशा’च्या पुढे गेलो नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

संध्याकाळी मीच फोन केला. तिने उचलला. मी विचारलं, “जेवलंस काय गो?”

म्हणाली, “नाय.”

अंधेरीहून निघाली आहे. सुलक्षणाने बांगडे बाहेर काढले आहेत. दार मी उघडणार आहे.