बीर झितूनच्या खुराड्यातला पीर

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
जुन्या वास्तू व दर्गे पाहणी कचेरी,
बीर झितून.

अर्जदार : मन्नूबिया, मरहूम तिजानी गवंडी यांची पत्नी, राहणार जैतुनाच्या घाण्यामागे, बीर झितून.

विषय : माझ्या अंगणातील कोंबड्यांचे खुराडे हे कोंबड्यांचे खुराडेच असल्याने घर रिकामे करण्याचा हुकूम मागे घेणेबाबत.

संदर्भ : १) आपले दि. २० सप्टेंबरचे पत्र. २) आपल्या कचेरीतील माझ्या चार खेपा. त्यांची नोंद आपल्याकडे नाही, माझ्या गुडघ्यांकडे आहे.

महोदय,

१. सविनय सादर करते की, मी शाळेत दोनच हिवाळे गेले. अक्षर वाकडे असेल, ते सांभाळून घ्यावे. सदर घरात मी लग्न होऊन आले त्याला त्रेपन्न वर्षे झाली. माझे यजमान तिजानी यांना घुमट बांधणे फार सुरेख येत असे आणि घुमटाशिवाय दुसरे काही येत नसे. हमामाला घुमट, न्हाव्याच्या दुकानाला घुमट. मी म्हटले, कोंबड्यांसाठी चार फळ्या ठोका, तर त्यांनी अंगणाच्या कोपऱ्यात पुरुषभर उंचीचा घुमट उठवला. दर रमजानच्या आधी मी त्याला चुना लावते. दार हिरवे आहे, कारण शेजारीण शाजलियाच्या खिडक्या रंगवून उरलेला डबा हिरवा होता. आत अकरा कोंबड्या व एक भांडखोर कोंबडा राहतो. याउपर त्या जागेला इतिहास नाही.

२. मागच्या वसंतात रस्त्याने जाणाऱ्या कुणी भिंतीवरून त्याचा फोटो काढला आणि फोनमधल्या नकाशात 'अनाम पिराचा दर्गा' म्हणून टाकून दिला. पांढरा घुमट, हिरवे दार. आपल्या मुलखात कुणालाही दुसरे काय वाटणार? त्या माणसाला मी माफ करते. पण मागून दुसऱ्या एका शहाण्याने कोंबड्या आतबाहेर करताना पाहून 'सिदी बू द्जाज', म्हणजे कोंबड्यांचे बाबा, असे पिराचे बारसेही करून टाकले. त्याला माफ करत नाही.

३. पहिल्यांदा एक नवराबायको मेणबत्त्या घेऊन आले. मी विचारले, "काय हवंय?" बाई आईला हाक मारावी तशी म्हणाली, "उम्मी, बाबांपुढे बसायचंय थोडा वेळ." मी म्हटले, "कुठले बाबा गं? आत कोंबड्या अंड्यांवर बसल्यात, तू आणि कुठे बसतेस?" तिने नवऱ्याला कोपराने ढोसले आणि कुजबुजली, "बघितलंस? मोठ्या जागी आधी अशीच परीक्षा घेतात." दाराशी आलेल्या माणसाला भाकरी न देता परत पाठवणे आमच्या घराण्यात नाही. म्हणून मी त्यांना भट्टीतली गरम भाकरी, तेल व चहा दिला. हीच माझी चूक झाली. त्या दोघांनी ते फोनवर लिहिले, आणि दुसऱ्या दिवशी सोळा जण आले.

४. सदर नोंदीखाली लोक अभिप्राय लिहून तारे देतात. शाजलियाने मला ते वाचून दाखवले. "जागा शांत. कोंबड्या समाधानी. राखणदार म्हातारी तोंडाची फटकळ. चार तारे." महोदय, मी कुणाची राखणदार नाही, आणि माझ्या तोंडापायी तारा कापणारा हा कोण? दुसरीने लिहिले, "भाकरीला मीठ कमी." मी तो फोन शाजलियाच्या हातातून घेऊन पिठाच्या डब्यात टाकला. माझ्या भाकरीला सासूनेही नाव ठेवले नाही, आणि तिने माझ्या चालण्याला, बोलण्याला, माहेराला, सगळ्याला ठेवले होते.

५. आता मुख्य गोष्ट. गर्दी हटावी म्हणून मी घुमटावर लाल मातीचा गिलावा फासला. सकाळी फोनवर बातमी, 'सिदी बू द्जाज रागाने लाल झाले'. त्या दिवशी गल्लीत गाढव वळवायला जागा उरली नाही. मग मी झाडू घेऊन एकेकाला झोडपायला निघाले. "उठा मेल्यांनो, आयांनी तुम्हाला घरात ठेवून घेतलं नाही म्हणून माझ्या दारात मरताय काय?" असे बोलले ते कुणी तरी चित्रित केले. तीनदा नापास झालेला एक बैलोबा त्यात माझ्या शिव्या खात होता, तो पुढच्याच आठवड्यात पास झाला. झाले! तेव्हापासून पोरेपोरी रांग लावून शिव्या खायला येतात, स्वतःचे चित्रण करतात आणि दुसऱ्यांना पैज लावतात, आता तू खाऊन दाखव. सूस शहराहून एक मुलगी आली. लग्न ठरत नव्हते. म्हणाली, "उम्मी, मला जरा कडक द्या, माझ्या मैत्रिणीला गेल्या वेळी सौम्य मिळाली." महोदय, पन्नास वर्षे कमावलेले तोंड, पण आता माझ्या शिवीला कुणी भीत नाही. गोड बोलून पाहिले, तर ती पोरगी दारात बसून हुंदके द्यायला लागली, की माझ्यात असे काय वाईट आहे?

६. अशात आपले पत्र आले. त्यात आपण म्हणता की, चारशे बारा अभिप्राय व चार पूर्णांक तीन तारे असलेली ही वास्तू सार्वजनिक ठेवा आहे, व "नकाशातील नोंदीशी विसंगत असलेला वापर तीस दिवसांत बंद करून किल्ल्या जमा कराव्यात". म्हणजे मी माझ्या घरात राहते हा विसंगत वापर! आणि "मजारीत कोंबड्या ठेवणे आदरास बाधक" हेही आपणच लिहिले आहे. उंटावरून शेळ्या हाकतात हे ऐकले होते, फोनवरून दर्गे हाकतात हे आपल्याकडे पाहिले.

७. मी ओरड केल्यावर आपण आपल्या कचेरीतले सी रमजी, म्हणजे रमजीसाहेब, यांना पाहणीस पाठवले. माणूस सज्जन आहे, दोन भाकरी खाल्ल्या. मी हिरवे दार उघडून दिले, कोंबडा त्यांच्या नडगीवर धावून गेला, मी त्यांच्या हातात ताजे अंडे ठेवले. म्हटले, "आता बोला." ते बिचारे नडगी चोळत म्हणाले, "उम्मी, कोंबड्या मलाही दिसतात हो. पण या कागदावर कोंबडी लिहायला रकानाच नाही." मी म्हटले, "मग अंडं कुठे लिहिलंत?" म्हणाले, "नजराण्यात."

८. चौथ्या खेपेला आपल्या खिडकीवरच्या बाईंनी तोडगा सांगितला, "आजी, आधी फोनमधली नोंद बदलून आणा, मग आम्ही कागद बदलू." ठीक आहे. आम्ही शाजलियाच्या पिठाळलेल्या फोनवरून कळवले, हा दर्गा नाही. फोन म्हणाला, पुरावा म्हणून जागेचा फोटो टाका. टाकला. फोन म्हणाला, "सिदी बू द्जाज दर्ग्याचा सुंदर फोटो दिल्याबद्दल आभार! आता आपण या भागाच्या मानाच्या वाटाड्या झालात, आपला शब्द इतरांपेक्षा जास्त धरला जाईल." जास्त धरला जाईल, पण माझ्याच घराबद्दल नाही. तिथे चारशे बारा एकीकडे आणि मी एकटी एकीकडे. कोंबडे झाकले तरी उजाडायचे राहत नाही म्हणतात. आमच्याकडे कोंबडे उघडे आहे, तरी कुणाला उजाडत नाही.

एक गोष्ट लिहायची नव्हती, ती लिहिते. ज्याने तो घुमट बांधला, तो माणूस टेकडीमागच्या कबरस्तानात आहे. तिथे मेणबत्ती नाही, रांग नाही. दर शुक्रवारी मी एकटी जाते आणि घरी येऊन त्याच्या हातच्या भिंतीला पाठ टेकून बसते. ती भिंत मी सोडणार नाही. आपली माणसे किल्ल्या घ्यायला आली, तर मी खुराड्यात जाऊन आतून कडी लावीन. मग आपल्याला खरोखरच आत कुणी तरी पुरलेले मिळेल.

तरी विनंती की, हुकूम मागे घ्यावा.

जाता जाता कळवते की, मानाची वाटाडी झाल्यापासून फोन मला रोज काही ना काही विचारतो आणि मी खरे ते सांगते. परवा त्याने (चारही खेपांना शाजलिया तो घेऊन माझ्यासोबत होती) आपल्या कचेरीचा फोटो दाखवून विचारले, "आपण इथे चारदा गेलात. ही जागा काय आहे?" महोदय, आपल्या कचेरीचा घुमटही आमच्या यजमानांच्याच हातचा. चुना तोच, उंची थोडी जास्त. आत एकेका फळीवर एकेक जण पंख मिटून बसलेला, कुणी हलत नाही, आणि कुणी जवळ गेले की सगळे एकदम कलकलाट करतात. मी विचार करून उत्तर दिले, "कोंबड्यांचे खुराडे". शुक्रवारच्या बाजारात शाजलियाने ही गोष्ट सांगितली आणि सायंकाळपर्यंत दोनशे साठ जणांनी दुजोरा दिला. काल आपल्या पायरीवर जवाचे पोते कुणी ठेवले असे आपण विचारत होतात म्हणे. ते त्यातूनच आले असावे.

आता आपल्याच पत्राप्रमाणे, नोंदीशी विसंगत वापर तीस दिवसांत बंद करायचा असतो, आणि खुराड्यात माणसांनी टेबले लावून बसणे विसंगतच म्हणायचे. मी सूडबुद्धीची बाई नाही. आपण माझ्या घराचा कागद नीट करावा, त्याच दिवशी मी आपल्या कचेरीची नोंद नीट करीन. आधी आपण.

माझ्याच घराच्या उंबऱ्यावर बसून लिहिणारी,

मन्नूबिया
(सही माझी. शाजलियाने फक्त कागद धरला.)
बीर झितून, दि. १४ ऑक्टोबर

सोबत :
१) आपल्या पत्राची नक्कल. मूळ पत्र कोंबड्याने चोचीने फाडले आहे.
२) सहा अंडी, गवतात बांधून. नजराणा नव्हे, पुरावा.
३) आपल्या कचेरीच्या नोंदीखाली आलेला पहिला अभिप्राय : "जागा ऐसपैस, सावली चांगली. सकाळपासून वाट पाहिली, एकही अंडे नाही. एक तारा."