फ्लॉसीच्या नावापुढचा शेरा

मी, मॅथ्यू ओर्ड, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, पूर्वीचा खाणकामगार, राहणार ब्रॅकन लॉ, डरहॅम परगणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे, छाती नाही, आणि दोन्ही गोष्टी डॉक्टरांनी लेखी दिल्या आहेत. मला कोणी भाग पाडलेलं नाही. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते माझी पत्नी ईडी हयात असताना केलं होतं आणि त्यात सगळं तिलाच होतं.

व्यवस्था पाहण्यासाठी मी माझा मुलगा अॅलन याला नेमतो. सहावं कलम त्याला जड जाईल, हे मला माहीत आहे. खरं तर त्याच कलमासाठी हा कागद लिहायला घेतला. बाकीचं चार ओळींत आटोपलं असतं.

१. घर निवृत्त खाणकामगारांच्या संस्थेचं आहे, ते मला देता येत नाही. आठ दिवसांत रिकामं करावं. स्वयंपाकघराचं दार उचलून लावावं लागतं, हे पुढच्या माणसाला सांगावं.

२. बँकेतली शिल्लक अॅलनची. दफनाचा खर्च त्यातूनच. दफनानंतर हॅमचे सँडविच आणि चहा द्यावा, आणि सँडविचमध्ये हॅम दिसेल इतपत घालावं. ईडीच्या वेळी कंजूसपणा झाला. तो मी केला होता.

३. मागच्या वाफ्यातले लीक, ते जाड दांड्याचे कांदे, अॅलनने प्रदर्शनाला न्यावेत. माती कशी बनवतो ते मी कोणाला सांगितलेलं नाही. बागेच्या वहीत शेवटच्या पानावर आहे.

४. फावडं, कुदळ आणि खाणीतला दिवा अॅलनचा. मेव्हण्याने १९६४ साली नेलेली शिडी त्याच्याकडेच राहू द्यावी. आता ती मागितली तर मी कबरीतून वर चढून येतोय असं त्याला वाटेल.

५. कुत्री तोलायचा काटा ब्रॅकन लॉ व्हिपेट क्लबला, म्हणजे सडपातळ, चपळ व्हिपेट कुत्री शर्यतीत पळवणाऱ्या आमच्या मंडळाला. खाणीवर एकवीस वर्षं मी कामगारांनी निवडलेला तोलार होतो. मालकाचा माणूस गाडी तोलायचा आणि मी त्याच्या खांद्यावरून पाहायचो, कोणाचा कोळसा कमी भरू नये म्हणून. त्या विश्वासावरच क्लबने रविवारी मला काट्यापाशी उभं केलं. कुत्रं वर्षाचं झालं की माझ्याकडे यायचं. मी ते तोलायचो, पाठ आणि मागचे पाय हाताने चाचपायचो, आईबाप विचारायचो आणि ते कोणत्या वर्गात पळणार त्याचं कार्ड लिहायचो. माझ्या कार्डावर कोणी दुसरं मत मागितलं नाही. कोणीतरी मागायला हवं होतं.

६. हे कलम कुत्री पर्ल हिच्याबद्दल. कार्डावर ती माझ्या नावाची आहे, तिला तयार करतो आणि पळवतो अॅलन. ती या परगण्यातली सर्वांत वेगवान व्हिपेट समजली जाते आणि जूनमध्ये परगण्याच्या चषकासाठी पळणार होती. ती अजून व्हिपेट नाही.

आमच्याकडे शुद्ध वंशावळीचे कागद फारच थोड्यांकडे असतात. वेगासाठी कोणी ना कोणी कधीतरी मोठ्या ग्रेहाउंड कुत्र्याचं रक्त आणलेलंच असतं. म्हणून नियम असा, की ग्रेहाउंडपासून मोजून पहिल्या चार पिढ्या मिश्र धरायच्या आणि त्यांनी खुल्या वर्गात पळायचं. मधल्या सगळ्या जोड्या व्हिपेटशीच जमवल्या असतील तर पाचवी पिढी व्हिपेट. वजन बत्तीस रत्तलांच्या वर गेलं तर रक्त कसंही असो, वर्ग खुलाच. आणि कोणत्याही वर्गात हलकं कुत्रं जड कुत्र्याच्या पुढून सोडायचं. समोर मालक चिंधी हलवत हाका मारतो आणि कुत्रं दोनशे वार तिच्याकडे पळत सुटतं. कुत्र्याला वर्गाशी देणंघेणं नसतं, माणसांना असतं.

विल्फ गाउलंड आणि मी एकाच थरात कोळसा फोडला आहे. त्याच्या फ्लॉसीचा वंश त्याच्या आजोबांपासून चालत आलेला. १९७० साली ती माझ्या टारला दाखवली. टार मी एका शेतकऱ्याकडून घेतला होता. एकोणतीस रत्तल, काळा, व्हिपेट असं कार्ड त्याला मीच लिहिलं होतं. रिवाजाप्रमाणे नराच्या मालकाला पिल्लांतलं पहिलं निवडायचा मान असतो. मी डॉट निवडली. विल्फने तिची बहीण नेल ठेवली.

वर्षाने दोघी काट्यावर आल्या. डॉट चोवीस रत्तल भरली, नेल तेहेतीस. नेल खुल्या वर्गात जाणार, यावर वाद नव्हता. पण एवढं वजन आलं कुठून, हे कार्डात लिहावं लागतं. मी लिहिलं : 'आईकडून मिश्र, आईचं रक्त संशयास्पद.'

विल्फने तिथेच वाचलं. म्हणाला, "फ्लॉसी? मॅटी, तिच्या आजीला तू मांडीवर घेऊन बसायचास."

"मी काट्यावर दिसलं ते लिहिलं."

"आणि तुझी डॉट? दोघी एकाच पोटच्या ना? तिच्या अंगात कुठलं रक्त, चहा?"

"ती चोवीस भरते. काट्याला विचार."

"काट्याला डोळे नसतात गड्या. तुला आहेत," तो म्हणाला आणि नेलला कडेवर घेऊन गेला. तेहेतीस रत्तलांची कुत्री, तान्ह्या मुलासारखी.

लोक हसले. मीही हसलो.

तीन आठवड्यांनी मी दुसरं पिल्लू बघायला त्याच शेतकऱ्याकडे गेलो. अंगणात एक काळा ग्रेहाउंड पडला होता, लहानखुरा, छातीवर टारच्याच जागी पांढरा ठिपका.

शेतकरी म्हणाला, "तो तुझ्या टारचा बाप. सांगितलं नव्हतं का?"

"नाही."

"तू विचारलं नाहीस."

ते खरं होतं. दुसऱ्या कोणाचं कुत्रं असतं तर विचारलं असतं. माझ्या हातांना ते व्हिपेट वाटलं आणि माझे हात चुकत नाहीत असं सगळे म्हणत होते.

परतताना विल्फला काय सांगायचं ते मी बसमध्ये जुळवलं. त्या रविवारी विल्फ आला नाही. पुढच्या रविवारी डॉट व्हिपेटांच्या वर्गात पहिली आली आणि लोकांनी माझी पाठ थोपटली. त्यानंतर सांगायचं राहिलं. राहिलं असं लिहिणं सोपं आहे. मी सांगितलं नाही.

त्या शेऱ्यानंतर फ्लॉसीच्या पिल्लांना कोणी हात लावला नाही. नेल दोनदा खुल्या वर्गात पळली, मग विल्फने तिला घरी ठेवलं. तीन पिढ्यांचा त्याचा वंश तिच्यापाशी संपला. इकडे डॉटची मिनी झाली, मिनीची पर्ल, आणि माझ्या कपाटात चषक वाढत गेले. टार पहिली पिढी, डॉट दुसरी, मिनी तिसरी, पर्ल चौथी. हे मी बारा वर्षं बोटांवर मोजतो आहे.

हे कलम मी आधी असं लिहिलं होतं : माझ्यामागे अॅलनने हा मजकूर क्लबात वाचावा आणि पर्लचं कार्ड बदलून घ्यावं. मंगळवारी अॅलन ब्रेड घेऊन आला, त्याने टेबलावरचा कागद वाचला. मग म्हणाला, "म्हणजे तुम्ही चॅपलमागच्या दफनभूमीत आरामात पडणार, आणि सगळ्यांसमोर मान खाली घालून उभं राहायचं मी?"

"जूनचा चषक तरी तुला मिळेल. तोवर मी जगलो तर."

"आता हे वाचल्यावर मी तिला कसा पळवू, बाबा? वाचायच्या आधी सांगायचं होतंत. नाहीतर सांगायचंच नव्हतं." ब्रेड तिथेच ठेवून तो गेला.

नऊ दिवस मी पुढे लिहिलं नाही. गेल्या रविवारी क्लबात उभं राहून वरचं सगळं बोललो. श्वास लागत होता म्हणून दोनदा बसलो. टार, डॉट आणि मिनी यांची कार्डं माझ्या हाताने बदलली. फ्लॉसीच्या नावापुढचा शेरा खोडून सही केली. पर्लचं कार्ड अॅलनने स्वतः पुढे सरकवलं, माझ्याकडे न बघता. ती आता खुल्या वर्गात आहे. ती तीन वर्षांची आहे, पळायची तिची हीच वर्षं होती. चषक परत गेले. ते ज्यांचे होते त्यांतली दोन माणसं वारली आहेत.

मग विल्फकडे गेलो. त्याने दार उघडलं, आत ये म्हणाला नाही. त्याला आधीच कळलं होतं.

"बारा वर्षं," तो म्हणाला. "फ्लॉसी तर मेली सुद्धा. तिच्या वेळी यायचंस."

मी म्हणालो, हो.

"मला वाटायचं तुझा हात चुकला. चुकतो माणसाचा. मी ईडीच्या दफनाला आलो होतो, मागे उभा होतो. तेव्हा तुला माहीत होतं?"

"माहीत होतं."

त्याने दार लावलं नाही, म्हणून मी पुढचं बोललो. पर्लची पिल्लं पाचवी पिढी, म्हणजे व्हिपेट. आणि ती फ्लॉसीच्या रक्ताची आहेत; दुसरीकडे कुठे ते रक्त उरलेलं नाही. पहिलं निवडायचा मान तुझा.

"मी चौऱ्याहत्तरचा आहे, मॅटी. कुत्रं चौदा वर्षं जगतं."

मी फाटकापर्यंत आलो होतो तेव्हा त्याने मागून सांगितलं, "मादी दे. नर घेऊन मी काय करू?"

तेव्हा सहावं कलम आता असं : पर्ल अॅलनची. व्हिपेट नराशी जोडून तिला जी पहिली पिल्लं होतील, त्यांतली मादी विल्फ गाउलंड याने आधी निवडावी, मग अॅलनने. त्या वेळी मी असेन वा नसेन. विल्फ नसेल तर अॅलनने एक मादी त्याच्यासाठी निवडावी, गाउलंड यांच्या वंशाची म्हणून कार्ड करावं, आणि ती पुढे चालवावी.

दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी केली. दोघांनाही यातून काही मिळणार नाही.

मॅथ्यू ओर्ड

साक्षीदार :
नोरा टेम्पर्ली, शेजारीण
अर्नेस्ट प्राउड, चिटणीस, ब्रॅकन लॉ व्हिपेट क्लब

ब्रॅकन लॉ, गुरुवार, २१ एप्रिल १९८३