चाळणीवर राहिलेलं

ती. बाबा,
नमस्कार, आणि या वेळी तो घाईतला नाही.

मी बरी आहे. खोकला जवळजवळ गेला, असं आईला सांगा.

मागे दोन दिवस आले होते, तेव्हा गिरणीत पीठ चाळता चाळता तुम्ही विचारलंत, "तू तिकडे नेमकं करतेस काय?" मोबाइलमधून डोकं न काढता मी म्हटलं, अतिवेगवान कण शिशाच्या पत्र्यावर सोडतो आणि अणूंच्या गाभ्यांना न धडकता आरपार जातील तेवढे मोजतो.

"आणि वाटेत अडकतात, भरकटतात ते?"

"ते सोडून देतो."

"चाळणीवर राहिलेलं न बघता टाकता? दळण कसं झालं ते तिथंच कळतं गं."

मी हसले. "बाबा, ही काय गिरणी आहे?"

काल कळलं, आमचं उत्तर त्या भरकटलेल्यांतच होतं. सरळ पार झालेल्याला गाभ्याचा पत्ताच नसतो; ज्याला धक्का बसतो, तोच आतलं सांगतो. आणि तीन वर्षं आम्ही त्यांची नोंदही ठेवली नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "हे आधी कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?" तुमचं नाव घ्यायला माझी जीभ रेटली नाही.

दादा म्हणतो, तुम्ही हल्ली दुपारनंतर गिरणी बंद ठेवता. गुडघा आहे, की दम लागतो? दोन दिवस समोर होते, तरी विचारलं नाही. घरातूनही मी तशीच आरपार गेले, बाबा.

महिन्याची रजा टाकलीय. चाळणी मी धरेन, तुम्ही बसून बोला.

तुमची,
भिंगरी