दोन नियम आणि उघडं दार

तीर्थस्वरूप आत्या हिला साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात ‘एक बरा आहे’ एवढंच लिहिलंस, पण कोणता ते लिहिलं नाहीस. आम्ही सगळे मजेत. घर शांत आहे (भिंगरीला तिचे बाबा बागेत घेऊन गेलेत). दार सताड उघडं असल्यामुळे कागद सारखा उडतोय, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

भिंगरीची प्रगती उत्तम आहे. शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या की मुलगी वाईट नाही, फक्त तिचा राग तिच्याआधी पोचतो. मला ते अगदी पटलं. त्यांच्या सांगण्यावरून मी आता ओरडत नाही (म्हणजे सकाळी दप्तर भरताना सोडून). खाली बसून, तिच्या डोळ्यांत बघून, हळू आवाजात बोलते. परवा चपलांच्या दुकानात अशीच बसले, तर ती माझ्या खांद्यावरून उडी मारून पळाली आणि दुकानदाराने विचारलं, “ताई, माप तुमचं घ्यायचंय की तिचं?” पण तिने चावा घेतला नाही, ही गोष्ट तू लक्षात घे. मी घेतली.

आता शाळेतला प्रकार. दुसऱ्या कुणाकडून कानावर येण्याआधी माझ्याकडून कळलेला बरा. चित्रकलेच्या तासाला शेजारच्या मुलीने हिचा हिरवा खडू न विचारता घेतला. हिने तिची कंपासपेटी खिडकीतून बाहेर टाकली (खाली कुणी नव्हतं, मी चौकशी केली). बाई म्हणाल्या, बाहेर जा. भिंगरी उठली, “येते” म्हणाली, बाहेर गेली आणि लगेच आत आली. बाईंनी पुन्हा घालवलं. पुन्हा “येते”, पुन्हा आत. तिसऱ्या खेपेला सगळा वर्ग एका सुरात “ये गं!” म्हणाला आणि बाईंना रडू फुटलं. शाळेच्या मते हा निव्वळ उद्धटपणा. घरी मी विचारलं तर म्हणते कशी, “आई, बोललं की करायचं ना?”

आत्या, हे दोन्ही नियम तुझे. निघताना ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावं. आणि तोंडातून गेलेला शब्द पाळावा. शाळेचं तोंड बघायच्या आधी तुझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी अक्षरांबरोबर हेच गिरवलं, आणि जसंच्या तसं लेकीला दिलं. हे दोन नियम एकाच मिनिटात वापरायचे नसतात, हे तू मला कुठे सांगितलं होतंस?

मुख्याध्यापिकांना मी हे सगळं मुळापासून समजावून सांगितलं. इतकं, की शेवटी त्या उभ्या राहून म्हणाल्या, “बरं, या आता.” मी “येते” म्हटलं आणि बाहेर पडले. छत्री आत राहिली होती, म्हणून लगेच परत आत गेले. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती बघून मला माझ्या लेकीची बाजू पुरती कळली.

तिला शाळेत ठेवायचं की घरी बसवायचं, ते सोमवारी ठरेल. ठेवतील, मला खात्री आहे. तू अजिबात काळजी करू नकोस.

तुझी आज्ञाधारक,
भाची

ता. क. सोमवारी ‘घरातलं कुणी मोठं माणूस’ घेऊन या, असं बजावलंय. तुझे जावई वयाने मोठे आहेत, पण ‘ये गं’ आठवलं की त्यांना हसू आवरत नाही. गुडघा बरा असेल तरच ये. नसेल तरी ये.

आणखी एक ता. क. दार उघडं का, ते लिहायचं राहिलंच. गेल्या सुट्टीत निघताना तू भिंगरीला ‘येते’ म्हणाली होतीस. तेव्हापासून ती दिवसा कडी लावू देत नाही. शेजारचं मांजर आमच्याकडे राहायलाच आलंय. अगं, ती नुसती बोलायची पद्धत असते, असं मी तिला परोपरीने समजावलं. ती म्हणाली, “तुमची असेल. आत्याआजीची नाही.”