वल्ह्याला हात न लावता

दाजी,

नमस्कार. जिवंतपणी पाया पडू दिलं नाहीत, म्हणून हा लांबूनच.

होडीची चौकट बाभळीची, ती मी तासली. फळ्या सागवानी, मोडीत निघालेल्या जिनिंग मिलच्या दारांच्या. सोळा फळ्यांना रंधा मी मारला. सांध्यांत कापूस आणि डांबर ठोकून भरलं ते मी. डोलकाठीचा वेळू मी निवडला, तीन महिने सावलीत वाळवला. सुकाणूच्या बिजागऱ्या, दोराच्या चार कप्प्या, पोटाखाली पाण्यात उतरवायचा लोखंडी पत्रा, सगळं माझ्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात झालं. लांबी चौदा फूट दोन इंच. तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. दहावी नापास माणसानं मोबाइलवर बघून बघून कळंबात शिडाची होडी केली!

शीड तेवढं तुम्ही शिवलंत. आणि आज लिहायला बसलोय ते त्या शिडापायीच. काल संध्याकाळी धरणाच्या मधून मी काठाला परत आलो, वल्ह्याला हात न लावता. सहा वर्षांत पहिल्यांदा! खाली उतरलो आणि कुणाला सांगावं म्हणून मागं वळलो, तर मागं नुसतं पाणी.

घरीही कोण आहे? पोरं पुण्याला, त्यांची आई नातवापायी तिकडंच. अक्काला फोन लावला. तुमची बायको असली तरी आधी माझी मोठी बहीण ती. म्हणाली, "बरं झालं. जेवलास का?" झालं, संपलं. वाऱ्याच्या तोंडावर होडी चालवून आणणं म्हणजे काय, हे या तालुक्यात दोघांनाच कळलं असतं. त्यातला आता मी एकटाच उरलो.

परवानगीच्या कचेरीतला तो दिवस आठवतो? साहेब अर्जावर पेन टेकवून बसलेले.

"मासे धरणार?"

"न्हाय."

"माणसं पलीकडं नेणार?"

"न्हाय साहेब."

"मग होडी कशाला पायजे?"

मी छाती काढून म्हणालो, "फिरायला." साहेबांनी चष्मा काढला. अर्जात फिरण्याचा रकानाच नव्हता. तुम्ही मागून हळूच म्हणालात, "साहेब, वारं खायला, असं लिवा की." अख्खी कचेरी हसली, आणि साहेबांनी 'इतर' लिहून सही केली. मला त्या हसण्याचा राग आला होता. तुमचाही आला होता. आज वाटतं, तुम्ही नसता तर तो कागद अजून टेबलावर असता.

लाकडी होडीचं दुखणं मला आधी कळलं नव्हतं, हे कबूल. ती पाण्यात राहिली तरच धड. दोन उन्हाळे धरण आटलं, पाणी मैलभर आत गेलं, आणि होडी शेडमध्ये वाळून तिच्या फटींतून बोट जायला लागलं. गावाला टँकर चालू. तिच्यावर पाणी ओतायचं कुठल्या तोंडानं? शेजारच्या म्हातारीनं ऐकवलंच, "लेकरांच्या घशाला कोरड, आन् हेच्या होडीला आंघोळ!"

तेव्हा तुम्ही मोपेडवर दोन कॅन बांधून आलात. नवं सुती कापड शिवण्याआधी तुम्ही भिजवून काढायचात, त्याचं ते उरलेलं पाणी. पोती त्यात बुडवून होडीवर अंथरलीत. एक दिवसाआड, दोन्ही उन्हाळे. फळ्या फुगल्या, फटी मिटल्या. कुणाच्यातरी निळ्या झंपराचा रंग डाव्या बाजूला अजून आहे. रंध्यानं निघाला असता, मी काढला नाही.

आता शिडाचं.

मंडपाचं जाड कापड तुम्ही कापलंत आणि पट्टे जोडताना डोलकाठीच्या बाजूला शिवण निमुळती घेतलीत. ब्लाउजला टक्स घालतात, तशी. मी टेप लावला. एक कड साडेतीन इंच कमी!

"दाजी, हे आखूड आलंय."

"आखूड न्हाय पाव्हणं. पोट ठिवलंय. सपाट कापड वारं धरत न्हाय."

"हा ब्लाउज हाय का? मी हिशोब केलाय. कडा सरळ म्हंजे सरळ. उसवा!"

दुकानात चार बायका मापं द्यायला उभ्या होत्या. त्यांच्यासमोर बोललो मी हे. चाळीस वर्षं मशीन चालवणाऱ्या माणसाला, मशीनवर कधी न बसलेला माणूस. तुम्ही ब्लेड घेतलंत, सगळी शिवण उसवलीत, सरळ घातलीत. वर चहा मागवलात. का दाजी? एकदा तरी फटकारायचं होतं! थोरलेपण होतं तुमच्याकडं, हक्क होता. तुम्ही गप्प बसलात आणि मी बरोबर ठरलो.

आणि मग काय झालं? जाताना वारा पाठीशी, होडी झोकात जायची. परत फिरलं, की वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी चालवावं लागतं. आपली होडी पुढं जायचीच नाही, खेकड्यासारखी आडवी सरकायची. मी म्हणायचो, धरणाचा वाराच वेडावाकडा. मग म्हणालो, पत्रा लहान पडतोय, आणि दोनदा नवा कापला. डोलकाठी चार इंच मागं घेतली, सुकाणू रुंद केलं. सगळ्याला दोष दिला. सरळ कडांना दिला नाही.

दर वेळी शीड गुंडाळायचं आणि वल्ही काढायची. वल्ही तुम्ही मारायचात, कारण सुकाणूवर मी! तुमच्या गावाकडचं ते कानडी मोजणं कानात आहे, ओंदु, एरडु, मूरु... वीस झाले की थांबायचात, धरणाकडं बघायचात, पुन्हा ओंदु. शेवटच्या वर्षी दहावर थांबायला लागलात. मला वाटायचं, बघत बसलेत. दम लागत होता का, दाजी? सांगितलं का नाहीत? मी विचारलं का नाही, हा प्रश्न माझा आहे, तो तुमच्यावर ढकलत नाही.

तुम्ही गेलात ते दुकानात, दुपारच्या वेळी, मशीनवर मान टेकून. वल्ह्यांनी गेलात असं कुणी म्हटलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीपासूनच थकलेलं होतं. मी डॉक्टरांना दोनदा विचारलं. अजून एकदा विचारावंसं वाटतं.

पाच महिने होडीकडं फिरकलो नाही. मग एकटाच काढली, तर नाळ, होडीचं पुढचं टोक, वर उचललं गेलं. पुढं बसणारं माणूसच नव्हतं ना! दुसऱ्या दिवशी वाळूची दोन पोती भरली, काट्यावर मोजून, छप्पन्न किलो. तुमचं वजन मला ठाऊक होतं, होडीचा तोल त्याच्यावरच काढला होता. पोती तुमच्या फळीवर ठेवली. होडी सरळ झाली. मी मात्र त्या दिवशी दोर सोडलाच नाही. काठाशीच तासभर बसलो आणि घरी आलो.

गेल्या आठवड्यात धाडस केलं, आणि वाऱ्याच्या एका झोतानं शीड डोलकाठीजवळ दोन हात उसवलं. गुंडाळून तुमच्या दुकानावर घेऊन गेलो. अक्कानं शटर वर केलं.

"अक्का, एवढं शिवून दे."

"म्या न्हाय शिवत. तूच बस. सगळ्यातला मास्तर हायस ना?"

"मला मशीन येत न्हाय."

"व्हय, ते त्या दिवशी सांगायचं हुतंस. त्या बायकांम्होरं."

तिनं पायडल दाखवलं आणि आत गेली. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं! तुम्ही सांगितलं होतंत की बायकांनी?

दोरा चार वेळा तुटला. कापड उजेडाला धरलं, तर माझ्या सरळ शिवणीच्या आत दुसरी एक रांग दिसली, नुसत्या भोकांची. तुमची उसवलेली शिवण. जाड सुई होती, जाड कापड होतं, सहा वर्षांत भोकं बुजली नाहीत. माझ्या शिवणीपासून वर एक बोट आत, मधे तीन, खाली पुन्हा एक. काय सुरेख वळण ते! मी टेप लावला, सवय. सगळ्या पट्ट्यांचं मिळून त्या दिवशी कमी भरलेलं तेच, बरोबर साडेतीन इंच.

मग मी काही मोजलं नाही. तुमच्या भोकाभोकातून सुई घातली. एका पट्ट्याला पाऊण तास लागला. जिथं माझी सुई चुकली, तिथं उसवून परत घातली. तीन दिवस रोज जाऊन सगळे पट्टे तसेच केले. अक्कानं तिसऱ्या दिवशी चहा दिला.

काल शीड चढवलं आणि ते फुगलं, दाजी. सपाट होतं तिथं त्याला पोट आलं. वारा समोरून, आणि होडी एका कुशीवर कलून पुढं निघाली. पत्रा खाली गुणगुणायला लागला. उजवीकडं, मग डावीकडं, प्रत्येक वळणाला काठ जवळ. सात वळणं घेतली. वल्ही तळाशी कोरडी. मी मोठ्यानं ओरडलो, "दाजी, चाललीय!" पुढं दोन पोती.

होतात तितकी वर्षं हे तुम्हाला बसल्या जागी मिळालं असतं. दोर हातात धरून, गार वारं खात. ते मी माझ्या टेपनं घालवलं. माफी मागायला माणूस समोर लागतं, म्हणून मागत नाही. एक वचन देतो. होडी कुणी केली असं जो विचारेल, त्याला सांगीन, की शीड माझ्या दाजींनी शिवलं होतं आणि ते मी उसवायला लावलं. पहिलं सोपं आहे. दुसरं माझ्या तोंडून निघायला जड जाईल. तरी दोन्ही सांगीन, दर वेळी, कुणी हसलं तरी.

आजच सुरुवात झाली. सकाळी हायवेवरच्या मंगल कार्यालयाचे मालक गाडी घेऊन धरणावर आले. काल त्यांनी काठावरच्या रस्त्यावरून होडी येताना पाहिली होती. "कुणी केली?" मी दोन्ही सांगितलं. त्यांना त्यात काही गंमत वाटली नाही. त्यांना होडी दारात ठेवायची होती, हिरवळीवर. नवरा-नवरी आत बसणार, फोटो निघणार. म्हणाले, "ते जुनं शीड तुमच्याकडंच ठिवा, आमी झगमगीत कापड लावू." पन्नास हजारांपासून निघाले, माझ्या तोंडाकडं बघत बघत वर चढले. शेवटी मोटारीच्या टपावर हात टेकून एक लाख साठ हजार रोख म्हणाले. मी नाही म्हणालो.

तुमचा मेव्हणा,
दत्तू